पुस्तकातले पथ्य आणि ताटातले जेवण

२०१८ च्या सुमारास मराठी घरांत एक वाद रंगला होता. दिवसातून दोनदाच जेवावे की दर दोन तासांनी थोडे थोडे खावे? एका बाजूला लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित होते, तर दुसऱ्या बाजूला मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. लग्नाच्या पंगतीपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांपर्यंत लोक एकमेकांना ‘तुम्ही दीक्षित की दिवेकर?’ असे विचारत होते. दोघांचीही पुस्तके खपत होती. दोघांचे सल्ले एकमेकांना छेद देणारे होते, तरी वजन उतरल्याचे शपथेवर सांगणारे लोक दोन्हीकडे सापडत.

लोकप्रिय आहारपुस्तकांचा सगळा पेच इथे दिसतो. परस्परविरोधी सांगणारी पुस्तके एकाच वेळी गुणकारी कशी वाटतात? ती इतकी का आवडतात? आणि त्यांनी आपल्या वजनावर, खाण्यावर, खाण्याबद्दलच्या विचारांवर नेमका काय परिणाम केला? त्याचा हा आढावा.

गुन्हेगार बदलतो, साचा तोच

या परंपरेचा आद्यपुरुष डॉक्टर नव्हता. विल्यम बँटिंग हा लंडनमधला अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक. साठी उलटल्यावर त्याचे वजन ९१ किलोंच्या पुढे गेले होते आणि जिना उतरताना त्याला पाठमोरे उतरावे लागे. ऐकू कमी येते म्हणून तो डॉ. विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी त्याचा पाव, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटे बंद केले. सुमारे वर्षभरात २१ किलो वजन उतरले. १८६३ मध्ये बँटिंगने हा अनुभव एका पुस्तिकेत छापला, आधी फुकट वाटला आणि मागणी वाढल्यावर विकायला काढला. आधीच्या डॉक्टरांनी आपल्याला काहीच उपयोगाचे सांगितले नाही, ही तक्रारही त्यात होती. स्वतःच्या शरीराचा दाखला, एखाद-दुसरा गुन्हेगार पदार्थ आणि प्रस्थापित वैद्यकावर थोडा राग, असा हा साचा त्या पुस्तिकेतच तयार झाला.

१९१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी अमेरिकी गृहिणींना कॅलरी मोजायला शिकवले. त्यांनी स्वतः तीसेक किलो वजन उतरवले होते. पहिले महायुद्ध चालू होते, अन्न वाचवा अशी सरकारी हाक होती, त्यामुळे अंगावर चरबी साठवणे हे देशाशी बेइमानी केल्यासारखे आहे असा सूर त्यांच्या पुस्तकात होता. ते पुस्तक वर्षानुवर्षे खपत राहिले. पोळीकडे पोळी म्हणून न पाहता आकडा म्हणून पाहण्याची सवय तिथून घरोघर पोहोचली.

मग उलटे वारे आले. १९६१ मध्ये डॉ. हर्मन टॅलर यांनी ‘कॅलरीज डोन्ट काउंट’ लिहून कॅलरी मोजूच नका असे सांगितले. १९७२ मध्ये डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी पाव-बटाटे सोडून मांस, अंडी, लोणी पोटभर खा असे सांगितले. त्याच वर्षी ब्रिटनमधले जॉन युडकिन साखरेवर तुटून पडले. वैद्यकीय संस्थांचा रोख मात्र तेव्हा चरबीवर होता, आणि पुढची वीस वर्षे चरबीच खलनायक राहिली. १९९० च्या दशकात अ‍ॅटकिन्स परतले आणि पिष्टमय पदार्थ पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. १९९६ मध्ये पीटर डीअ‍ॅडामो यांनी रक्तगटानुसार आहार ठरवला. २०११ मध्ये विल्यम डेव्हिस यांनी गव्हावर बोट ठेवले. २०१३ मध्ये मायकेल मोस्ली यांनी आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखे जेवा आणि दोन दिवस अगदी थोडे, असे सांगून पदार्थाऐवजी वेळेला महत्त्व दिले. गेल्या दीडशे वर्षांत गुन्हेगार बदलत राहिला, पण पुस्तकाची मांडणी बँटिंगच्या वेळचीच राहिली.

ही पुस्तके का आवडतात

सरकारी आहार मार्गदर्शिका कोणी उशाशी घेऊन वाचत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढली. तिच्यात १७ सूत्रे आहेत आणि ती सगळी शहाणपणाची आहेत. पण १७ सूत्रे कोणाच्या लक्षात राहणार? लोकप्रिय पुस्तक एकच सूत्र देते. ‘हे सोडा’ किंवा ‘या वेळेतच खा’ एवढे सांगितले की स्वयंपाकघरात उभे राहून दर वेळी निर्णय घ्यावा लागत नाही. दिवसभर कामाने शिणलेल्या माणसाला हा मोठाच दिलासा असतो.

दुसरे म्हणजे परवानगी. चांगले खपलेले बहुतेक प्रत्येक पुस्तक काही ना काही मनसोक्त खाऊ देते. अ‍ॅटकिन्स यांनी लोणी दिले, मोस्लींनी आठवड्यातले पाच दिवस दिले, दिवेकरांनी तूप-भात परत दिला, दीक्षितांनी दोन जेवणे पोटभर दिली. पुस्तक हातात घेणाऱ्याला उपाशी राहावे लागेल ही धास्ती आधीच असते. ती पहिल्या प्रकरणातच घालवता आली पाहिजे.

तिसरे म्हणजे दोषमुक्ती. तुमचे वजन तुमच्या आळसामुळे वाढले नाही, तुम्हाला चुकीचे सांगितले गेले, असे ही पुस्तके म्हणतात. आयुष्यभर टोमणे ऐकलेल्या माणसाला हे वाक्य औषधासारखे लागू पडते. त्यात तथ्यही आहे. वजनामागे आनुवंशिकता, झोप, कामाचे स्वरूप, औषधे आणि बाजारातले स्वस्त तयार खाणे अशी अनेक कारणे असतात. अडचण एवढीच की पुस्तक ही सगळी कारणे पुसून त्यांच्या जागी एकच कारण ठेवते.

आपल्याकडे या पुस्तकांना जमीन आधीपासून नांगरलेली मिळाली. काय, कधी आणि कोणत्या दिवशी खायचे याचे नियम मराठी माणसाला नवे नाहीत. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, त्याआधी कांदेनवमीला भज्यांवर ताव, दर महिन्याला संकष्टी चतुर्थी, श्रावणात सोमवार. नियमाने खाण्यात एक नैतिक समाधान असते हे आपल्याला ठाऊक आहे. नियमाला पळवाट काढण्यातही आपण तरबेज आहोत. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर तूप आणि दाण्याचे कूट.

पहिल्या आठवड्याची किमया

पुस्तक कोणतेही असो, पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो, आणि तिथेच वाचकाचा विश्वास बसतो. यामागचे कारण साधे आहे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा असतो, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. खाणे, विशेषतः पिष्टमय खाणे, कमी झाले की हा साठा वापरला जातो आणि पाणी निघून जाते. दीड-दोन किलो सहज कमी दिसतात, पण त्यात चरबी थोडीच असते. पुन्हा नेहमीसारखे जेवले की पाणी परत येते. ‘दोन आठवड्यांत फरक पाहा’ या आश्वासनाची बरीचशी भिस्त याच पाण्यावर असते.

आणखी एक कारण असे की कोणताही नियम पाळला की आपोआप काही पदार्थ ताटातून जातात. चहाबरोबरची बिस्किटे, दुपारचा वडापाव, रात्री टीव्हीसमोरचा चिवडा. नियम दोन जेवणांचा असो, गहू सोडण्याचा असो की रक्तगटाचा, बळी बहुधा याच मंडळींचा जातो. रक्तगटाच्या आहाराची २०१४ मध्ये टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासणी केली. त्यातल्या काही आहारांनी तब्येतीचे काही आकडे सुधारलेले दिसले, पण ते खाणाऱ्याचा रक्तगट काहीही असला तरी सुधारत होते.

मोजून पाहिल्यावर

पुस्तकांचे दावे समोरासमोर ठेवून पाहण्याचे प्रयोग गेल्या वीस वर्षांत बरेच झाले. २००५ मध्ये अमेरिकेत १६० जणांना चार गटांत विभागून अ‍ॅटकिन्स, ऑर्निश, झोन आणि वेट वॉचर्स हे चार आहार दिले गेले. वर्षाअखेरीस चारही गटांत सरासरी थोडेसेच वजन उतरले होते. अ‍ॅटकिन्स आणि ऑर्निश (अगदी कमी चरबीचा) या दोन टोकाच्या आहारांतले जवळपास निम्मे लोक मध्येच गळाले. वजन कोणाचे किती उतरले याचा संबंध आहाराच्या नावाशी नव्हता. तो नियम कोणी किती पाळला याच्याशी होता.

२०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर वर्षभराचा प्रयोग केला. निम्म्यांना चरबी कमी करायला सांगितली, निम्म्यांना पिष्टमय पदार्थ. पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले आणि दुसऱ्याचे ६ किलो, म्हणजे फरक नगण्य. दोन्ही गटांत काहींचे २५ किलोंहून अधिक उतरले, तर काहींचे उलट वाढले. जनुकांवरून कोणाला कोणता आहार मानवेल हे आधी ओळखता येईल अशी आशा होती, तीही फोल ठरली. दोन्ही गटांना एक गोष्ट मात्र सारखीच सांगितली होती. वरून घातलेली साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी शिजवा. भांडणाऱ्या पुस्तकांचे एकमत होते ते नेमके इथेच.

दीक्षित-दिवेकर वादाबाबतही पुरावा आहे, पण तो कोणाच्याही एकाच्या पदरात पूर्ण पडत नाही. २०१४ मध्ये प्रागमधल्या संशोधकांनी टाइप-२ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना तेवढ्याच कॅलरी एकदा दोन जेवणांत आणि एकदा सहा जेवणांत दिल्या. बारा आठवड्यांत दोन जेवणांनी ३.७ किलो उतरले, सहा जेवणांनी २.३ किलो. हा दीक्षितांच्या बाजूचा कौल म्हणता येईल. पण ती दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण होते, रात्री नऊचे ताट नव्हे. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ स्थूल व्यक्तींवर प्रयोग झाला. कॅलरी दोन्ही गटांत कमी केल्या होत्या, पण एका गटाला सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत खायचे बंधन होते. वर्षभरात वेळेचे बंधन असलेल्यांचे ८ किलो उतरले आणि नसलेल्यांचे ६.३ किलो. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. दर दोन तासांनी खाल्ल्याने चयापचय पेटता राहतो या समजुतीलाही भक्कम आधार मिळालेला नाही.

लातूर, मुंबई आणि उरुळी कांचन

मग दीक्षित आणि दिवेकर इतके का गाजले? दिवेकरांचे ‘डोन्ट लूज युवर माइंड, लूज युवर वेट’ २००९ मध्ये आले. ‘टशन’ चित्रपटातल्या करीना कपूरच्या सडपातळपणाची चर्चा तेव्हा ताजी होती आणि दिवेकर तिच्या आहारतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जात होत्या. वाचकाला सॅलड आणि उकडलेल्या भाज्या अपेक्षित होत्या. पुस्तकाने सांगितले की उठल्यावर चहाआधी काहीतरी खा, दर दोन तासांनी खा, हालचाल जास्त तेव्हा जास्त खा आणि झोपण्यापूर्वी किमान दोन तास आधी जेवण आटपा. पुढच्या पुस्तकांतून तूप, भात, केळे, नारळ यांना त्यांनी मानाचे पान दिले. परदेशी ओट्सपुढे कमीपणा वाटू लागलेल्या आजीच्या स्वयंपाकाला त्यामुळे प्रतिष्ठा मिळाली. वजनाचे काहीही होवो, हा परिणाम टिकाऊ ठरला.

दीक्षितांची वाट वेगळी होती. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीतून आपण ही कल्पना घेतली, असे ते आवर्जून सांगतात. कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखा, त्या दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. प्रत्येक खाण्यागणिक इन्शुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हा त्यामागचा तर्क. दीक्षित सल्ल्याचे पैसे घेत नाहीत, मराठीत बोलतात आणि कोणतीही पावडर विकत नाहीत. त्यामुळे तालुक्याच्या गावांतही त्यांच्या सभा भरल्या. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने त्यांना स्थूलताविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत केले, तेव्हा पुस्तकातला नियम थेट सरकारी व्यासपीठावर गेला.

या दोघांचे साम्य वादाच्या धुरळ्यात हरवले. दोघांनीही ताटात परका पदार्थ आणला नाही. अ‍ॅव्होकॅडो नको, किन्वा नको, डबाबंद शेक नको. पोळी-भाजी-वरण-भात तसेच ठेवून फक्त वेळापत्रक बदलायचे. बहुतेक विलायती पुस्तके मराठी घरात कपाटापर्यंत पोहोचली आणि ही दोन स्वयंपाकघरापर्यंत, याचे कारण हेच.

पुस्तकांचा प्रभाव किती दूर जातो याचे सर्वात मोठे उदाहरण मात्र जुने आहे. १८८८ मध्ये लंडनला गेलेल्या तरुण गांधींनी एका शाकाहारी उपाहारगृहात हेन्री सॉल्ट यांची शाकाहारावरची पुस्तिका विकत घेतली. आईला दिलेल्या वचनापोटी पाळलेला शाकाहार त्यानंतर त्यांचा स्वतःचा निर्णय झाला. पुढे दक्षिण आफ्रिकेत अडॉल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकाच्या पुस्तकाने ते मातीच्या पट्ट्या आणि साध्या आहाराकडे वळले. आरोग्यावर त्यांनी स्वतः लिहिलेली छोटी पुस्तिका पूर्व-पश्चिमेत इतकी वाचली गेली की त्याचे त्यांनाच नवल वाटे, तसे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. आजही तिथे वजन आणि मधुमेह घेऊन माणसे जातात.

कोणाचे शरीर, कोणाचे स्वयंपाकघर

बहुतेक पुस्तके एका विशिष्ट शरीरासाठी लिहिलेली असतात, आणि ते शरीर बहुधा आपले नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे मधुमेहतज्ज्ञ जॉन एस. युडकिन (साखरेवर तुटून पडलेले युडकिन वेगळे) यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २२.३, म्हणजे दोघेही कागदावर सडपातळ. पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के होते आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. काट्यावर नीट दिसणारा भारतीय माणूस पोटाभोवती चरबी आणि रक्तात साखर घेऊन हिंडत असू शकतो. वजन हेच एकमेव माप मानणारी पुस्तके इथे फसतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिने कमी पडतात. आपली खरी दुरुस्ती इथे आहे. उसळ, डाळ, दही, अंडी, मासे यांचा वाटा वाढवणे आणि भात-पोळीचा थोडा उतरवणे. हे सांगायला खळबळजनक शीर्षक लागत नाही, म्हणूनच ते कमी खपते.

दुसरा प्रश्न स्वयंपाकघराचा. पुस्तक वाचतो एक जण, पण रांधणारी बहुधा दुसरीच असते. साहेबांनी गहू सोडला की ज्वारीची भाकरी थापायला सून, मुलांसाठी पोळ्या वेगळ्या, सासूबाईंसाठी मऊ भात वेगळा. घरातल्या सगळ्यांना जेवू घालून उरलेले संपवणारी बाई हा नियम स्वतःसाठी कसा पाळणार, याचे उत्तर फार थोडी पुस्तके देतात. नियम टिकत नाही याचा दोष इच्छाशक्तीला दिला जातो, पण घरातल्या कामाची वाटणी कोणी पाहत नाही.

नुकसान आणि कायदा

सगळीच पुस्तके निरुपद्रवी नसतात. १९७६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लिन यांच्या पुस्तकाने द्रवरूप प्रथिनांवर राहण्याचा आहार लोकप्रिय केला. पुढच्या दोन वर्षांत अशा द्रवाहारावर असलेल्या पन्नासहून अधिक जणांच्या मृत्यूंची नोंद झाली. आपल्याकडे धोका वेगळा आहे. इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याने डॉक्टरांना न विचारता जेवणे कमी केली तर साखर एकदम घसरू शकते. गरोदर स्त्रिया, वाढत्या वयाची मुले आणि खाण्याशी आधीच बिनसलेल्या किशोरवयीन मुली यांच्यासाठी तर पुस्तकी पथ्य घातकच ठरू शकते.

कायद्याचा हात पुस्तकापर्यंत सहसा पोहोचत नाही. कॅलरी मोजू नका म्हणणाऱ्या टॅलर यांना १९६७ मध्ये शिक्षा झाली ती करडईच्या तेलाच्या कॅप्सूल खपवण्याच्या फसवणुकीबद्दल. केव्हिन ट्रूडो या अमेरिकी लेखकाला २०१४ मध्ये दहा वर्षांची कैद झाली, तीही आपल्या पुस्तकाची टीव्हीवर खोटी जाहिरात केल्यामुळे न्यायालयाच्या अवमानाबद्दल. आपल्याकडे १९५४ चा जादुई औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा मधुमेह आणि स्थूलता बरी करण्याच्या जाहिरातींना मनाई करतो, पण शास्त्रीय किंवा सामाजिक हेतूने प्रामाणिकपणे लिहिलेल्या पुस्तकांना सूट देतो. ही सूट योग्यच आहे. त्यामुळे पारखण्याचे काम मात्र वाचकावर येते.

२०२५ मध्ये भूक कमी करणारी टर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतीय बाजारात आल्यावर आता पुस्तकांची गरज संपली असे काहींना वाटते. पण औषध थांबवल्यावर उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, हे सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांत दिसले आहे. भूक कमी झाली तरी जे थोडे खायचे ते काय, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा निवाडा असा. आहारपुस्तके शास्त्र म्हणून दुबळी आणि नियम म्हणून बऱ्यापैकी उपयोगी असतात. त्यांच्यातली सर्वोत्तम कोणती हा प्रश्नच फारसा कामाचा नाही, कारण वर्षाअखेरीस त्यांच्यातला फरक फारच थोडा राहतो. विचारायचे ते असे: हा नियम मी, माझे घर आणि घरात रांधणारे माणूस पाच वर्षे पाळू शकू का? लेखक सल्ल्याबरोबर काही विकतो आहे का? मी घेत असलेल्या औषधांचे काय? या तीन प्रश्नांना पुस्तक उतरले तर खुशाल वापरा, पण आरंभीच्या दोन आठवड्यांच्या आकड्यावर भाळू नका. कंबर मोजा, वर्षातून एकदा एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतल्या सरासरी रक्तशर्करेची चाचणी) तपासा आणि मधुमेहाची गोळी चालू असेल तर पहिले पान उलटण्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन करा.